बंधनें सोडा

वचन : योहान ११:४४



प्रभूच्या हांकेनें लाजर कबरेंतून बाहेर आला. तरी त्याचे हातपाय प्रेतवस्त्रांनीं बांधलेलेच होते. तीं सोडण्याचें काम प्रभूनें जवळ उभे असलेल्यांस सांगितलें.

गुलामाच्या सुटकेचेंही तसेंच आहे. एकोणिसाव्या शतकांत इंग्रज आरमारानें गुलामांच्या गलबतांतून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें मुंबईस उतरत. बेडी तुटली होती. पण आईबाप नाहींत, भाषा नाहीं, धंदा नाहीं. नाशिकजवळ १८५४ सालीं वसलेल्या शरणपुरांत अशा कित्येकांस आसरा मिळाला. तेथें अक्षरांबरोबर सुतारकी व लोहारकीही शिकवीत. तेथेंच शिकलेल्या जेकब वेनराइट यानें १८७३ सालीं डॉ. लिव्हिंग्स्टन वारले तेव्हां त्यांचें नांव झाडावर कोरलें. विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर हे पूर्व आफ्रिकेंत परतले व १८८५ सालीं डीकन झाले. जे विकले गेले होते, तेच इतरांचे गुरु झाले!

पनवेलच्या मंडळींनो, हें दूरचें समजूं नका. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानें रद्द झाली. तरी आपल्या रायगड जिल्ह्यांतील कातकरी कुटुंबें उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. त्यांच्याबरोबर मुलें जातात, आणि शाळा बुडते. ज्याला वही वाचतां येत नाहीं, तो त्याच वहींत पुन्हा बांधला जातो.

म्हणून पाऊस सरतांच, भट्ट्या पेटण्यापूर्वीं, वाडीवर जा. कोणतीं मुलें जाणार तें विचारा. त्यांच्या आईबापांच्या संमतीनें त्यांस गांवीं ठेवून घ्या व शाळेंत पोंचवा. कायद्यानें हांक मारली आहे. गांठ सोडणें आपल्या हातीं आहे.