खिशातलं गाणं

भाद्रपदात रांजणगावच्या महागणपतीकडे निघालं की एका मांडवातलं ‘तूच सुखकर्ता’ मागे पडायच्या आत पुढच्या मांडवातलं कानावर येतं. आवाज प्रल्हाद शिंदे यांचा, शब्द हरेंद्र जाधव यांचे. जाधवांनी आयुष्यभर भीमगीतं लिहिली आणि शिंद्यांनी आयुष्यभर ती गायली. शिरूरला कॉलेजात असताना मला हे कळलं, तेव्हा मी ते घरी सांगितलं. आजी म्हणाली, “असंना का, गळा गोड हाय.” काकांनी कांद्याच्या भावाचा विषय काढला.

त्या वयात एखादा सिद्धांत मांडायला एवढं पुरतं. आमच्या अख्ख्या ग्रुपचा सिद्धांत होता की गाण्याला जात नसते, त्यामुळे जात जाणार असेल तर गाण्यानंच जाईल. पुरावे हाताशीच होते. प्रल्हाद शिंद्यांच्या पाठोपाठ आनंद शिंद्यांचा ‘पोपट’ वरातीवरातीत नाचला. मग 2013 च्या ‘दुनियादारी’त आदर्श शिंदेचा आवाज आमच्या इयरफोनमध्ये शिरला. एकाच घरातल्या तीन पिढ्या सगळ्या आळ्यांमधून फिरून आल्या, आणखी काय हवं? त्यात एप्रिल 2016 मध्ये ‘सैराट’ आला. त्याचे संगीतकार अजय-अतुल यांचं बालपण वडिलांच्या नोकरीमुळे जुन्नर-शिरूर भागात गेलं, त्यामुळे ‘झिंगाट’ आम्हाला घरचंच कार्य वाटायचं. मराठी सिनेमानं पहिल्यांदाच शंभर कोटींचा आकडा गाठला आणि आता सगळं बदलणार, असं बोलणारी मोठी माणसंही तेव्हा भेटत होती.

बदललं काय, तर हळदीचा कार्यक्रम. दौंडला मामाकडे एका लग्नात ‘झिंगाट’ वन्समोअर घेऊन वाजलं आणि नवरीचे भाऊ घामाघूम होईस्तोवर नाचले. सिनेमाच्या शेवटी जातीबाहेर लग्न केलेल्या त्या जोडप्याचा जीव कोण घेतं, हे त्या मांडवात प्रत्येकाला माहीत होतं. रोज रात्री पोरीचा मोबाइल तपासला जातो, असली घरं त्या मांडवात भरपूर होती. गाणं घरात घेतलं म्हणून गोष्ट घरात घ्यावी लागत नाही, एवढं मला त्या रात्री दिसलं. पण असं का, ते कळायला वेळ लागला.

आता मला वाटतं, कॅसेटपाशी थांबून पाहायला हवं. वामनदादा कर्डक गावोगाव फिरून भीमगीतं गायचे. त्यांना ऐकायचं तर वस्तीवर जाऊन, माणसांत मांडी घालून बसावं लागायचं, आणि ज्याला ते जमत नव्हतं तो ऐकायचा नाही. कॅसेट आल्यावर आवाज माणसापासून सुटा झाला. ट्रॅक्टरवर, एसटी स्टँडच्या टपरीवर, रसाच्या गुऱ्हाळात तो एकटाच पोहोचला. गायकाला ज्या ओसरीवर कुणी बसवून घेतलं नसतं, तिथं त्याची कॅसेट देवघराशेजारी वाजू लागली. शिवाय शिंदे आणि जाधव ही दोन्ही आडनावं मराठ्यांतही आहेत. ज्याला सोयीचा समज करून घ्यायचा होता, त्यानं तो करून घेतला.

मोबाइलनं नेमकी उलटी गोष्ट केली. कॅसेटचं गाणं दुकानाचं असतं, ट्रॅक्टरचं असतं. रिंगटोन मात्र ज्याच्या खिशात वाजते त्याचीच असते. दौंडहून मनमाडकडे जाणाऱ्या लाइनवर कोपरगाव लागतं, तिथून शिर्डी जवळच. त्या शिर्डीत मे 2015 मध्ये नर्सिंग शिकणाऱ्या एका दलित तरुणाचा खून झाला. मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून भांडण झालं, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. ‘सैराट’ला अजून वर्ष होतं. मारणाऱ्यांच्या घरी गणपतीत कुठलं गाणं वाजत असेल, हे मला माहीत नाही, पण अंदाज बांधायला फार डोकं लागत नाही.

मग 1 जानेवारी 2018. कोरेगाव भीमा आमच्याच तालुक्यातलं, बाबासाहेबांचे अनुयायी दरवर्षी या दिवशी ज्याला मानवंदना द्यायला येतात, तो जयस्तंभ नदीपलीकडे पेरण्याच्या हद्दीत. दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, एक तरुण गेला. तेव्हापासून त्या दिवशी पुणे-नगर रस्त्याची वाहतूक वळवतात आणि शिरूरकडून येणाऱ्या गाड्या न्हावऱ्यावरून केडगाव चौफुल्याला काढतात. त्या वाटेनं मी एकदा दौंडला जात होते. बसमध्ये माझ्यापुढच्या सीटवरच्या मुलाच्या फोनवर भीमगीत वाजलं. त्यानं फोन कानाला लावायच्या आधी अंगठ्यानं आवाज दाबला आणि मग डोकं वळवून मागं कोण कोण बसलंय ते पाहिलं. त्यानंतर कंडक्टरनं स्वतःच्या मोबाइलवर लावणी लावली, पार चौफुल्यापर्यंत. त्याला मागं वळून पाहावं लागलं नाही.

आमच्या पिढीचं स्टेटस म्हणजे मोठी झालेली रिंगटोनच. कुणाच्या बायोत निळं हृदय, कुणाच्या भगवा झेंडा. थारच्या बॉनेटवर पाय ठेवून केलेल्या रीलखाली ‘पाटलाचा नाद करायचा नाय’ छापाचं काहीतरी. मामा म्हणतो, “दोन्हीकडून सारखाच माज चाललाय.” मामा रेल्वेत होता, क्वार्टरमध्ये सगळ्या जातींचे शेजारी होते, त्याच्या मनात खोट नाही. तरी मला त्याचं पटत नाही. पाटलाच्या रीलमधल्या पोराला जे दाखवायचंय, ते गावानं त्याच्या पणजोबापासून मान्य केलेलंच आहे. दुसऱ्या पोरानं तेवढ्याच आवाजात गाणं लावलं तर त्यात किती धोका आहे, ते शिर्डीनं दाखवलंय. दोघांचा आवाज एकाच डेसिबलमध्ये मोजायचा कसा? मामाला मी हे म्हटलं, तर तो म्हणाला, “तुम्ही पोरं फार विचार करता.” हे कौतुक होतं की तक्रार, ते त्याच्या तोंडावरून ओळखू येत नव्हतं.

माझ्याबरोबरची मंडळी ‘आम्ही जात मानत नाही’ असं अगदी मनापासून म्हणतात. मी वाद घालत नाही. एवढंच विचारते, तुझ्या लग्नात भीमगीत लावशील का? मंडपात बसलेले कुणीही असोत, गाणं आवडतं म्हणून? पहिल्याच वाक्यात ‘घरचे’ येतात. घरच्यांना विचारावं तर ते लोकांकडे बोट दाखवतात. आता मांडवातल्या लोकांपैकी डीजेवाला तरी आमच्या ओळखीचा आहे. त्याच्या लॅपटॉपवर ‘गणपती’, ‘हळद’ आणि ‘14 एप्रिल’ असे तीन फोल्डर आहेत. तिन्हींत शिंद्यांचा आवाज आहे आणि तिन्हींचा रेट सारखाच आहे.