समसमान मतांचा न्याय

बापाच्या खुनाचा सूड घेणे हे मुलाचे कर्तव्य आणि आईवर शस्त्र उगारणे हे महापाप. बापाची खुनी आईच असेल, तर मुलाने काय करावे? प्राचीन ग्रीकांनी हा पेच ऑरेस्टीसच्या कथेत मांडला. ट्रॉयवर निघालेले आरमार प्रतिकूल वाऱ्यांमुळे ऑलिसच्या किनाऱ्यावर अडकून पडले, तेव्हा आर्टेमिस देवीचा कोप शमवण्यासाठी सेनापती अ‍ॅगॅमेम्नॉनने पोटच्या मुलीचा, इफिजेनियाचा, बळी दिला. ट्रॉय जिंकून तो घरी परतला, आणि पत्नी क्लायटेम्नेस्ट्राने त्याला न्हाताना वस्त्राच्या जाळ्यात गुरफटून ठार केले. मग डेल्फीच्या अपोलोने त्यांच्या मुलाला, ऑरेस्टीसला, बापाच्या मारेकऱ्यांना मारण्याची आज्ञा दिली. त्याने आईला मारले. त्याबरोबर सांडलेल्या रक्ताचा माग काढणाऱ्या इरिनीज, म्हणजे रात्रदेवीच्या भयंकर मुली, त्याच्या पाठीस लागल्या. इ.स.पू. 458 मध्ये एस्किलसने ही कथा तीन नाटकांच्या मालिकेत अथेन्सच्या रंगमंचावर आणली आणि स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळवले. मालिकेतल्या शेवटच्या नाटकात अथीना देवी एरिओपॅगस टेकडीवर न्यायसभा बसवते, मते समसमान पडतात आणि ऑरेस्टीस सुटतो. रानटी सूडाकडून सुसंस्कृत न्यायाकडे झालेला प्रवास, असे या शेवटाचे वर्णन वारंवार केले जाते. मला ते अपुरे वाटते. न्यायसभेने ऑरेस्टीसचा पेच सोडवलाच नाही. सूडाची साखळी कुठे आणि कोणत्या अटींवर तोडायची, एवढेच तिने ठरवले. आणि त्यांतली सर्वांत अवघड अट अशी की, हरलेल्या बाजूचा दावा पुसून टाकता येणार नाही.

शंकाकार : मुळात पेच होता कुठे? देवाची आज्ञा झाली, त्याने ती पाळली. आज्ञाधारकाला दोष कसा लागेल? होमरच्या ओडिसीत तर ऑरेस्टीसचे उदाहरण ओडिसिअसच्या मुलापुढे, टेलेमॅकसपुढे, आदर्श पुत्र म्हणून ठेवले आहे. तिथे त्याच्यामागे कुणी इरिनीज लागत नाहीत.

होमरला त्या कथेतून बापाचा मान राखणारा मुलगा हवा होता, म्हणून तिथे सारा भर राणीचा प्रियकर एजिस्थस याच्या वधावर आहे आणि आईचा मृत्यू ओझरत्या उल्लेखात उरकला आहे. एस्किलसने नेमकी तीच उरकलेली जागा उघडली. त्याच्या नाटकात अपोलोची आज्ञा धमकीसह येते: सूड घेतला नाहीस, तर अंगावर रोग चढेल, घरादाराला मुकशील आणि बापाच्या इरिनीज तुला गाठतील. आई मरणापूर्वी बजावते की, माझ्या इरिनीजपासून सांभाळ. म्हणजे हात उचलला तरी इरिनीज, न उचलला तरी इरिनीज. आज्ञेने प्रश्न मिटला असता, तर आईने छाती उघडी करून दुधाची आठवण दिल्यावर ऑरेस्टीस थबकला नसता आणि ‘काय करू?’ असे त्याने सोबत्याला, पायलाडीसला, विचारलेही नसते. तोवर एक अक्षरही न बोललेला पायलाडीस तेव्हा जेमतेम तीन ओळी बोलतो: सारे जग वैरी झाले तरी चालेल, देव वैरी होऊ देऊ नकोस. हा सल्ला कोणते वैर परवडेल ते सांगतो. कृत्य निर्मळ आहे असे तो म्हणत नाही. पुढे डेल्फीला डुकराच्या रक्ताने ऑरेस्टीसची विधिवत शुद्धी होते, तरी पाठलाग थांबत नाही. आज्ञा देणाऱ्या देवालाही आज्ञेचा परिणाम पुसता आला नाही, हा या नाटकातला पहिला पुरावा.

शंकाकार : मग खटल्यात तरी काय निघाले? अपोलो म्हणतो, आई ही खरी जननी नव्हेच, ती फक्त बापाच्या बीजाची राखण करते. अथीना म्हणते, मी आईच्या पोटी जन्मले नाही, म्हणून माझे मत पुरुषाच्या बाजूने. युक्तिवाद असे लंगडे आणि मते बरोबरीची! याला न्याय म्हणायचे, तर नाणेफेक काय वाईट होती?

युक्तिवाद लंगडे आहेत हे मान्यच करायला हवे, आणि एस्किलसने ते झाकलेले नाहीत. देवराज झ्यूसला बापाचा मृत्यू अधिक गंभीर वाटतो असे अपोलो सांगतो, तेव्हा इरिनीज त्याला तिथल्या तिथे पकडतात: त्याच झ्यूसने स्वतःच्या म्हाताऱ्या बापाला, क्रोनसला, साखळदंडात जखडले नव्हते काय? अपोलो चिडतो, शिव्या देतो आणि म्हणतो, बेड्या सोडवता येतात. पण माणसाचे रक्त एकदा धुळीने शोषले की त्याला उठवणारा मंत्र झ्यूसपाशीही नाही. बचावासाठी केलेले हे विधान बचावावरच उलटते, कारण क्लायटेम्नेस्ट्राचे रक्तही धुळीने शोषलेलेच आहे. इरिनीजची बाजूही अभंग नाही. नवऱ्याला मारणाऱ्या बाईचा पाठलाग का केला नाही, या प्रश्नावर त्यांचे उत्तर एवढेच की, नवरा-बायकोचे रक्त एक नसते. दोन्ही बाजूंच्या तर्काला अशी भोके असतील, तर समसमान मते हा निष्काळजीपणा ठरत नाही. तोच प्रामाणिक निष्कर्ष ठरतो.

तरीही ही नाणेफेक नाही. नाणे कुणाचे ऐकून घेत नाही. इथे खटल्याआधी इरिनीज निवाडा अथीनाच्या हाती सोपवायला आपण होऊन तयार होतात. आणि अथीना म्हणते की, हा प्रश्न मर्त्य माणसांना झेपणारा नाही, पण एकटीने निकाल देण्याचा अधिकार मलाही नाही. म्हणून ती नागरिकांना शपथ देऊन बसवते. पहिला प्रश्न असतो, आईला मारलेस का? उत्तर येते, मारले, नाकारत नाही. कृत्याबद्दल वाद उरत नाही. उरतो तो फक्त त्याचे पुढे काय करायचे हा. समान मते पडली की आरोपी सुटतो, हा अथेन्सच्या न्यायालयांचा प्रत्यक्ष नियमच होता. त्याचा अर्थ एवढाच की, निम्म्यांना संशय असताना नगराने हात उचलायचा नाही. आरोप खोटा होता असे तो नियम म्हणत नाही. म्हणूनच निकालानंतर अथीना इरिनीजना सांगते की तुमचा पराभव झालेला नाही, मते समान होती. हे वाक्य गोड बोलून समजूत घालण्यासाठी आहे असे वाचण्याची सवय आहे. ते शब्दशः खरे आहे.

शंकाकार : खरे असेल, पण इरिनीज काही त्या वाक्याने शांत झाल्या नाहीत. जमीन नापीक करू, रोग पसरवू असे त्या ओरडत राहिल्या. तेव्हा अथीनाने झ्यूसच्या वज्रागाराच्या किल्ल्या आपल्याकडे असल्याची आठवण दिली आणि वर मानपान, घर, पूजा देऊ केली. हा तर धाक आणि लाच यांचा संगम झाला.

वज्राचा उल्लेख येतो आणि त्याच दमात अथीना म्हणते, त्याची गरज नाही. बळ हाताशी असूनही ती पुन:पुन्हा मनधरणी करते. आता देऊ केलेल्या गोष्टीकडे पाहावे. लाच माणसाला आपले काम सोडायला लावते. इथे इरिनीजना त्यांचेच काम नगरात करायला बोलावले आहे. खटला चालू असताना त्यांनी गायिले होते की बेबंदपणा नको आणि हुकूमशाहीही नको, मनावर भयाचा पहारा असलेला बरा. न्यायसभेची स्थापना करताना अथीना जवळजवळ हेच बोलते आणि नगरातून भय पुरते हद्दपार करू नका असे बजावते. ज्यांच्याविरुद्ध निकाल जाणार, त्यांचे तत्त्व न्यायसंस्थेच्या पायात आधीच घातले आहे. प्रेक्षकांना हे दूरचे वाटले नसणार. चारेक वर्षांपूर्वीच अथेन्सचा पुढारी एफिअल्टीस याच्या सुधारणांनी एरिओपॅगसच्या सभेची राजकीय सत्ता काढून घेतली होती, खुनाचे खटले तेवढे तिच्याकडे राहिले होते आणि एफिअल्टीसचा खूनही झाला होता. हरलेल्यांना जागा दिली नाही तर काय होते, हे त्या नगराने नुकतेच पाहिले होते.

शंकाकार : हरलेल्यांना जागा म्हणता, ती इरिनीजना मिळाली. क्लायटेम्नेस्ट्राचे काय? आणि इफिजेनियाचे?

हा आक्षेप सर्वांत जड आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. खटल्यात इफिजेनियाचे नावही निघत नाही. मुलीसाठी मी नवऱ्याला मारले, हा आईचा दावा पहिल्या नाटकात ठणकावून सांगितला जातो; तिसऱ्या नाटकात तो मांडायला कुणी उभे राहत नाही. आईचे भूत इरिनीजना झोपेतून उठवते आणि नाहीसे होते. पुढच्या सन्मानात तिला वाटा नाही. स्विस अभ्यासक योहान बाखोफेनने 1861 मध्ये या नाटकात मातृसत्तेवर पितृसत्तेचा विजय वाचला. त्याचा मातृसत्तेचा इतिहास आज पुराव्यावर टिकत नाही, पण नाटकातला पक्षपात त्याला बरोबर दिसला होता. माझ्या म्हणण्याला यामुळे मर्यादा पडते: न्यायसभा ज्या दाव्याला वकील आहे तोच ऐकते. पण हा दोष दाखवायला कसोटी कोणती वापरली? हरलेल्याचा दावा जिवंत ठेवला की नाही, हीच. अथीनाची सभा तिच्याच तत्त्वाला पुरी उतरली नाही, यावरून तत्त्व चुकीचे ठरत नाही. सभेकडे बाकी राहते एवढेच सिद्ध होते.

शंकाकार : आणि सुटलेल्या माणसाच्या मानेवर अशी बाकी कायम ठेवायची? मग निकालाला अंतिमता कसली?

निकाल अंतिम असतो तो शिक्षेपुरता. नैतिक हिशेब त्याच तारखेला बंद होत नाही, हे ग्रीकांनी आवर्जून लक्षात ठेवले. युरिपिडीसच्या टॉरिसमधल्या इफिजेनियाच्या नाटकात, जिथे ती बळीतून वाचलेली आहे, काही इरिनीजना मतदान मान्य होत नाही आणि त्या ऑरेस्टीसला पळवत राहतात. त्याच नाटकात अथेन्सच्या एका सणाचे मूळ सांगितले आहे: कलंक घेऊन आलेल्या ऑरेस्टीसशी यजमानांना एका भांड्यातून पिता येईना आणि त्याला हाकलताही येईना, म्हणून प्रत्येकाने आपापल्या भांड्यातून, न बोलता मद्य घेतले. अथेन्सवासी दरवर्षी तसेच पीत. इ.स. दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनिअस नोंदवतो की, एरिओपॅगसवर निर्दोष सुटलेले लोक त्या टेकडीजवळच्या उग्र देवींच्या, म्हणजे याच इरिनीजच्या, देवळात यज्ञबली देत. ज्यांच्या तावडीतून सुटलो त्यांनाच वंदन करायचे: सुटका झाली, तरी आरोप करणारा दावा पोकळ नव्हता याची ही सार्वजनिक कबुली. युरिपिडीसच्याच दुसऱ्या एका नाटकात, इ.स.पू. 408 मध्ये, ऑरेस्टीसचा म्हातारा आजोबा टिंडेरिअस म्हणतो की, त्याने आईला कायद्यापुढे उभे करायला हवे होते. पण एस्किलसच्या कथेत तसा कायदाच तेव्हा नव्हता. तो या मुलाच्या कृत्यानंतर आणि त्याच्यामुळे निर्माण झाला.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे. ऑरेस्टीसने काय करायला हवे होते, हे ही कथा सांगत नाही, कारण त्याच्यापुढे निर्दोष वाट नव्हतीच. अशी वेळ एकट्या माणसावर येऊ नये म्हणून नगराने काय करावे, हे ती सांगते: सूडाचा अधिकार नात्याकडून काढून घ्यावा, दोन्ही दावे उघडपणे ऐकावेत, निकाल द्यावा आणि तो पाळायला लावावा. पण निकाल जिंकणाऱ्याच्या हाती पुण्याचा दाखला म्हणून देऊ नये. ज्या न्यायसंस्थेला आपल्या प्रत्येक निकालात कुणाचे तरी खरे नुकसान झाले हे आठवत नाही, तिचे निवाडे हरलेल्यांच्या नजरेत पुन्हा सूडच ठरतात. आणि मग साखळीची पुढची कडी घडवायला त्यांना कुठल्या अपोलोच्या आज्ञेचीही गरज उरत नाही.