लेस पॉल कुणाची?

मामाच्या बोटांचे सांधे आता धरतात. त्याची गिब्सन लेस पॉल ही इलेक्ट्रिक गिटार महिनोन्‌महिने पेटीतच असते. एखाद्या वाजवणाऱ्या मुलाला ती देऊन टाक, असं मी बोलून गेले आणि आमचा वाद सुरू झाला.

"पडून राहिली तर बिघडेल म्हणून?" मामाने विचारलं.

"तसं म्हणतात ना."

"व्हायोलिनबद्दल म्हणतात. हिचं अंग भरीव महोगनीचं, वर मेपलचा थर. आवाज उचलतात ते तारांखालचे पिकअप. कोरड्या जागी नीट ठेवली, तर कितीही वर्षांनी नव्या तारा चढवून वाजेल. तेव्हा तिच्या भल्याचं कारण देऊ नकोस. तिला भलंबुरं काही नाही."

हे मला पटलं. वस्तूवर जीव असला की आपण तिच्या वतीने बोलू लागतो आणि तिला काय हवं तेही आपणच ठरवून टाकतो. प्रश्न माणसांचाच असतो.

"मग माणसांचं बोलू," मी म्हटलं. "पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरने 1970 मध्ये मॅनीज दुकानातून घेतलेली काळी स्ट्रॅटोकास्टर, जिच्यावर 'कम्फर्टेबली नम्ब'चा सोलो वाजला, ती 2019 मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात काढली. 39 लाख 75 हजार डॉलर आले. त्या लिलावात त्याने शंभराहून जास्त गिटारी विकल्या आणि सगळे पैसे, दोन कोटी डॉलरच्या वर, क्लायंटअर्थला दिले. हवामानबदलाविरुद्ध कायद्याच्या मार्गाने लढणारी संस्था आहे ती. त्याचा जीव कमी होता का त्या गिटारीवर?"

मॅनीजचं नाव निघताच मामा खुलला. न्यू यॉर्कला नोकरीत असताना पगारातले पैसे बाजूला टाकून त्याने ही लेस पॉल तिथूनच घेतली होती, 48व्या रस्त्यावर. ते दुकान 2009 मध्ये बंद झालं.

"गिल्मोरचीच गिटार घे," तो म्हणाला. "मूळची सनबर्स्ट, वरून काळा रंग दिलेली. पुढे तिची नेक बदलली, तीही अनेकदा. पिकअप बदलले, पिकगार्ड बदललं. मधली काही वर्षं तर ती हार्ड रॉक कॅफेत शोभेला टांगलेली होती. मग परत आणून दुरुस्त केली आणि 2005 साली लाइव्ह 8 च्या मैफलीत पिंक फ्लॉइड एकत्र आले तेव्हा तीच वाजवली. आता सांग, त्याचा जीव होता कशावर? लाकडावर म्हणशील तर नेक मूळची नाही. आवाजावर म्हणशील तर पिकअपही सगळे मूळचे नाहीत."

"हाताच्या सवयीवर असेल."

"तेच. माझ्या डाव्या हाताला वळण लावलं ते हिच्या नेकच्या जाडीने. उभं राहायची ढबसुद्धा हिच्या वजनाने आली. दुसरी कुठलीही गिटार घेतली तरी हात हिच्यासारखाच पडतो."

"म्हणजे जे हवं ते तुझ्या अंगात आहे. मग पेटीतलं द्यायला काय हरकत?"

मामा गप्प झाला. मला वाटतं, सगळा पेच इथेच होता. जे आपल्यात मुरलंय ते कुणी नेऊ शकत नाही, हे कळत असतं. तरीही ते जिच्यामुळे मुरलं ती जवळ हवीशी वाटते. याला मी हाव म्हणणार नाही. ती ओढ कृतज्ञतेची आहे. पण कृतज्ञतेला कुलूप लागतंच असं नाही.

मी त्याला 'ग्रीनी'ची आठवण करून दिली. गिटारवादक पीटर ग्रीनची 1959 सालची लेस पॉल. तिच्या एका पिकअपचं चुंबक उलटं, त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र लावले की आवाज नाकातून आल्यासारखा यायचा. तो आवाज ग्रीनची ओळख झाला होता. तरी त्याने ती तरुण गिटारवादक गॅरी मूरला अगदी थोडक्या पैशांत दिली. त्यासाठी मूरने आपली एसजी गिटार विकली. 1995 मध्ये मूरने ग्रीनच्या गाण्यांचा आख्खा अल्बम केला. आज ती गिटार मेटॅलिका बँडच्या कर्क हॅमेटकडे आहे आणि तो ती मंचावर वाजवतो. तिला नाव मात्र ग्रीनचंच राहिलं.

"ग्रीनने मूरचं वाजवणं ऐकलं होतं," मामा म्हणाला. "न ऐकलेल्या मुलाच्या हातात मी कशी देऊ?"

"मग मला दे."

"तुला दिली तर ती घरातच राहिली. ते काही देणं नव्हे. तू खंडेनवमीला पूजेत ठेवशील, फूल वाहशील, पण वाजवणार नाहीस."

"बरं, पण ऐकलेल्यालाच द्यायची म्हणतोस, तर ऐकायला तरी जायला हवंस ना? किती वर्षांत कुणा नव्या मुलाचं वाजवणं तू समोर बसून ऐकलं नाहीस."

मामा बोटांचे सांधे चोळत राहिला. मग म्हणाला, "ही मुलं वाजवतात कुठे हल्ली?"