ओटीपी सांगणाऱ्यांची बाजू

शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस आले की नवीन पनवेलच्या सायबर कॅफेंत गर्दी होते. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "काकू, ओटीपी आला का बघा." आधारला नंबर जोडलाय थोरल्या मुलाचा आणि तो असतो हार्बर लोकलमध्ये. काकू फोन लावतात, तो गर्दीत उभ्याउभ्या आकडे सांगतो, काकू ते मोठ्याने पुढे सांगतात. खातं नवं असेल तर पासवर्डही काउंटरवरच ठरतो. मुलीचं नाव, पुढे एक-दोन-तीन. तो पावतीच्या पाठीमागे लिहून मिळतो.

बँकांपासून पोलिसांपर्यंत सगळे बजावत असतात की ओटीपी कुणालाही सांगू नका. सूचना बरोबरच आहे. पण काकूंनी ती पाळली तर अर्ज भरला जात नाही. अशा माणसांना अडाणी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. मदतीशिवाय भरता येणार नाही असा अर्ज आपण केला आणि मदत करणाऱ्याला आत घ्यायला वेगळं दार ठेवलं नाही. मग तो दुसऱ्याच्या नावानेच आत जाणार.

धोका त्या मुलाच्या नियतीत आहे असंही नाही; बहुतेक जण प्रामाणिकपणे काम करतात. धोका त्याच्या संगणकात आहे. तिथल्या ब्राउझरमध्ये किती घरांचे पासवर्ड साठलेले असतात! जून 2017 मध्ये नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमच्या हल्ल्याने इथून जवळच, न्हावा शेव्याला, मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या टर्मिनलचं काम कोलमडलं. तो प्रोग्रॅम एका संगणकाच्या मेमरीतून पासवर्ड उचलायचा आणि त्यांच्या बळावर जाळ्यातल्या पुढच्या संगणकात शिरायचा. पासवर्ड अवघड होता की सोपा, याने तिथे फरक पडत नव्हता.

आता पासवर्डच्या जागी पासकी येते आहे. गुप्त किल्ली मालकाकडेच राहते, संकेतस्थळाकडे फक्त तिची ताडणी करणारी जोडकिल्ली असते. खोट्या साइटवर ती चालत नाही, फोन करून कुणी काढून घेऊ शकत नाही. सुधारणा खरोखर मोठी आहे. पण तिने गृहीत धरलेला माणूस स्वतःचा स्मार्टफोन स्वतः चालवणारा आहे. घरात एकच फोन असेल, तोही कामावर गेलेला असेल, तर पासकी काकूंना आतच येऊ देणार नाही.

कायद्यातही ही जागा रिकामी आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने सुरक्षेतल्या हयगयीसाठी 250 कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला. नोव्हेंबर 2025 मध्ये नियमही आले. त्यात आपले हक्क बजावायला दुसरा माणूस नेमता येतो, पण तो आपल्या मृत्यूनंतर किंवा आपण असमर्थ झाल्यावर. धडधाकट, जिवंत माणसाला आज दुपारी एका अर्जापुरता मदतनीस हवा असतो. त्याचं काय?

उत्तर फार लांब नाही. सरकारी दाखल्यांसाठी सेवा केंद्रचालकाला स्वतःचं लॉगिन मिळतंच. हीच सोय शिष्यवृत्ती, प्रवेश, भविष्य निर्वाह निधी यांपर्यंत न्यावी. मदतनीस त्याच्या नावाने आत येईल, अर्जदार एका कामापुरती संमती देईल, अर्ज गेला की ती संपेल, आणि कुणी काय उघडलं याची नोंद मराठीत एसएमएसने घरी येईल. पनवेल महानगरपालिकेने आपल्या ऑनलाइन सेवांपुरती तरी ही सुरुवात करावी. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.