दुसरा विचार

माकणी हे निम्न तेरणा धरणाचं गाव. पण इथल्या एका तरुणाचं रान उंचवट्यावर, कालव्याचं पाणी न पोचणारं. धरण उशाला, कोरड घशाला! सगळी भिस्त विहिरीवर.

पोरगा कामाला वाघ. पहाटे धारा काढायच्या, मग रान, मग लोहाऱ्याची फेरी. जेवतानाही कानाला फोन. त्याचे आबा मात्र रोज दिवस मावळताना ओट्यावर घटकाभर गप्प बसत. नातू म्हणायचा, "आबा, नुसतं बसून काय मिळतं तुम्हाला?" आबा हसण्यावारी नेत.

त्या हिवाळ्यात नातवाचं डोकं तापलेलं. थोरल्या चुलतभावानं बांध कोरला, अशी त्याची खात्रीच झाली होती. "उद्याच मोजणीचा अर्ज टाकतो, मग कोर्टात खेचतो," असं म्हणतच त्यानं हरभऱ्याला मोटर लावली. दुपारपर्यंत विहीर तळाला गेली. मोटर हवा ओढू लागली, तरी गडी बटण दाबतोच आहे.

"जळंल की रं ती!" आबा ओरडले. "झऱ्यांना भरायला वेळ दे. तूबी बस जरा."

फोन घरी चार्जिंगला. नाइलाजानं तो विहिरीच्या कठड्यावर टेकला.

आबा म्हणाले, "बसून काय मिळतं विचारतोस ना? 1993 साली आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं झोपली आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला. माझा एका सोबत्याशी अबोला होता. तो गेला, बोलायचं राहिलं. तवापासून रोज बघतो, आज कुणाचं काय आपल्याकडून राहिलं."

मग दोघंही गप्प. नातवाची नजर बांधावर गेली. ढासळलेल्या जागी नांगराच्या फाळाची खूण नव्हती. पावसाच्या लोटानं पाडलेली घळ होती. माती वाहून खाली दोघाही भावांच्या रानात पसरली होती. इतके दिवस तो तिथूनच ये-जा करत होता.

तासाभरानं पाणी हातभर चढलं. त्यानं मोटर लावली. अर्ज मात्र टाकला नाही. दुसऱ्या दिवशी दोघा भावांनी मिळून दगड रचले आणि घळ बुजवली.

तात्पर्य : उसंत नसली की मनात आलेला पहिलाच विचार खरा वाटतो. दुसरा यायला वेळ लागतो आणि तो वेळ आपोआप सापडत नाही; रोजच्या कामातून काढूनच ठेवावा लागतो.