ओळखलं, पण कधी?

“आरोपींनी स्वतः कबूल केलं होतं, टॅक्सीवाल्यांनी ओळखलं होतं. कोर्टाला आणखी काय हवं होतं?” 11 जुलै 2006 च्या लोकल बॉम्बस्फोटांत दोषी ठरलेल्या बाराही जणांना मुंबई उच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये निर्दोष सोडलं, तेव्हा एक परिचित संतापून हे बोलले. राज्य सरकार अपिलात गेलं आहे, तो निकाल लागेल तेव्हा लागेल. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना.

कबुलीचं फार सांगायला नको. पोलिसांपुढचा कबुलीजबाब ग्राह्य नाही, हे 1872 पासून कायद्यात आहे. मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यानं वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरती त्यातून वाट काढली, आणि या खटल्यातल्या वेगवेगळ्या जबाबांत उच्च न्यायालयाला सारखाच मजकूर आढळला.

मला छळतो तो डोळ्यांदेखतचा साक्षीदार. खोटं बोलणं वेगळं, चुकणं वेगळं. उलटतपासणी खोटारड्याला पकडते. त्याचे तपशील फिरतात, तो अडखळतो. मनापासून चुकलेला माणूस अडखळेल कशाला? दिवसभर भाडी मारणाऱ्या टॅक्सीचालकाला मागच्या सीटवरचा चेहरा दिसतो तो आरशात, तोही सिग्नलला थांबल्यावर. या खटल्यातले चालक पोलिसांकडे बोलले ते शंभराहून अधिक दिवसांनी, आणि कोर्टात आरोपीकडे बोट दाखवलं ते चार वर्षांनी. तो चेहरा इतके दिवस लक्षात राहायला काय कारण होतं, असं न्यायालयानं विचारलं, ते रास्तच होतं.

मग साक्षीदाराचा डोळा पुराव्यातून बादच करावा का? मी जवळजवळ तिथवर आलो होतो. नाशिकच्या 2003 मधल्या हत्याकांडाच्या खटल्यानं मला अडवलं. हल्ल्यातून वाचलेल्या बाईनं सुरुवातीलाच पोलिसांच्या अल्बममधले चार फोटो ओळखले होते. खटला उभा राहिला तो भलत्याच सहा जणांवर, भटक्या जमातीतल्या गरीब माणसांवर, आणि पुढे तिनं त्यांनाही ओळखलं. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. 2019 मध्ये त्याच न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडून सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला लावले. अल्बममधल्या चौघांचा तपास का झाला नाही, याचं उत्तर सरकारी पक्षाकडे नव्हतं.

म्हणजे तिची पहिली ओळख दाबली गेली आणि पोलिसांच्या ताब्यातल्या माणसांची नंतरची ओळख फासापर्यंत घेऊन गेली. डोळ्याला दोष देऊन मी तपासाला मोकळं सोडत होतो. साक्षीदाराची पहिली ओळख, ‘नक्की सांगता येत नाही’ या शब्दांसकट, त्याच दिवशी कॅमेऱ्यावर घ्या. ओळख परेड घेणाऱ्याला संशयित कोण हे माहीत नसू द्या. आणि ते चित्रण आरोपपत्रासोबत आरोपीच्या वकिलाच्या हाती पडलंच पाहिजे; दडवलं तर तपास अधिकाऱ्याला कोर्टात जाब द्यावा लागला पाहिजे.