पडलेले गाव, उरलेली माया



घरातले माणूस गेले की चूल पेटवायलाही मन घेत नाही. चार घास सुखाने खाल्ले तर गेलेल्याशी प्रतारणा होईल, असे वाटते. अशा मनासाठी बेल्जियममधील ईप्र या लहान गावाची हकीकत सांगतो.

१९१४ ते १९१८ च्या महायुद्धात तोफांनी हे गाव जमीनदोस्त केले. युद्ध संपल्यावर चर्चिल यांनी सुचविले, की हे अवशेष स्मारक म्हणून तसेच राखावेत. हेतू आदराचाच होता. पण गावकरी परतले, लाकडी खोपट्यांत राहिले आणि त्यांनी घरे बांधावयास घेतली. जुन्या कापडबाजाराच्या भव्य इमारतीचे काम तर १९६७ साली पुरे झाले.

मग गेलेल्यांचा विसर पडला काय? १९२७ साली तेथे मेनिन दरवाजा उभारला गेला. ज्यांची थडगीही सापडली नाहीत अशा ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावे त्यावर आहेत. त्यांत आपल्या देशातून गेलेलेही आहेत. १९२८ साली तेथे सायंकाळी बिगुल वाजविण्याचा नेम सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात तो खंडला, पण १९४४ साली गाव मुक्त झाले त्याच संध्याकाळी पुन्हा वाजला. आजही रोज रात्री आठ वाजता तो वाजतो, आणि मग गाव आपापल्या कामाला लागते.

शरणांनी स्थावर आणि जंगम यांचा भेद सांगितला आहे. भिंत स्थावर, ती पडते. माया जंगम, ती हातांत उतरली की कायक होते. गेलेल्याचे स्मरण रोज क्षणभर करा, आणि उठून चूल पेटवा.

शरणु शरणार्थी.